नाव घेत नाही, पण प्रार्थना करा

४ सप्टेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांनी रोजनिशी ठेवावी असं आहे आणि आज मी थोडा मोठा झालो. उपासनेनंतर पाळकसाहेबांनी बाजूला घेतलं आणि तरुण संघाची जबाबदारी माझ्यावर टाकली. म्हणाले, दुसरं कोणी तयार नाही. मी त्याचा अर्थ घेतला, दुसरं कोणी लायक नाही.
वस्तीला आज गरजही आहे. कारखाना बंद झाल्यापासून रया गेलीय. बाप घरात बसलेत, पोरं कोपऱ्यावर. अशा अंधारात एक ज्योत पाहिजे. ज्योत म्हणजे मी.
माझी नोकरी राहिली. हिशेब मिटवायला ऑफिसात मोजकी माणसं ठेवलीत, त्यात मी. यात माझा काही दोष नाही. (हे वाक्य उगाच लिहिलं. कोणी विचारलं नव्हतं.)
संकल्प: रोज पहाटे उठून गुडघ्यांवर प्रार्थना.

५ सप्टेंबर, सोमवार
गुडघ्यांवरच झोप लागली. हिनं उठवलं तेव्हा कपाळावर पलंगाच्या कडेचा वळ. हीसुद्धा एक प्रकारची शांतीच.
उद्यापासून खुर्चीत बसून.

६ सप्टेंबर, मंगळवार
खुर्चीत जास्त चांगली लागली.

१० सप्टेंबर, शनिवार
संघाची पहिली सभा. प्रचंड यश. आले चौघं: गिटारवाला (गिटारला तारा कमी, पण उत्साह पुरेपूर), जुळ्या बहिणी आणि वेल्डरची लेक. येशूनंही थोड्यांपासूनच सुरुवात केली होती.
हॉलमधल्या लोखंडी खुर्च्यांची अवस्था वाईट. बसलं की एक पाय आत जातो. गिटारवाला दोनदा जमिनीवर आला. मी 'जबाबदारीपासून पळू नका' या विषयावर बोललो. माझंच ऐकून माझ्या अंगावर काटा आला.
सभेनंतर वेल्डरची लेक मागे रेंगाळली. मला वाटलं, भाषण आवडलं म्हणून. म्हणाली, दादा, पप्पा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. ताट भरलेलं परत येतं. काल मम्मीला म्हणाले, मी नसलो तरी कुणाचं काय अडणार आहे. तुम्ही एकदा येऊन बसा ना त्यांच्याजवळ. कारखान्यात तुम्ही दोघं एकाच बाकावर डबा खायचात. आणि कुणाला सांगू नका, त्यांना आवडणार नाही.
तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, प्रार्थनेत ठेवतो.
ती मग हो म्हणाली आणि गेली.
घरी हिला अभिमानानं सांगितलं. ही म्हणाली, ठेवलंत म्हणजे कुठं ठेवलंत? चष्मासुद्धा तुम्ही असाच कुठंतरी ठेवता, मग मी घर पालथं घालते.
बायकोला आध्यात्मिक भाषा कळत नाही.

११ सप्टेंबर, रविवार
रात्री त्या पोरीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. काहीतरी करायलाच हवं होतं. केलं. उपासनेत प्रार्थनेचे विषय सांगायची वेळ आली तेव्हा मी उठलो आणि माईक घेतला.
कुणाला सांगू नका म्हणाली होती, त्यामुळे पूर्ण काळजी घेतली. म्हणालो, आपल्या एका भावासाठी प्रार्थना करा. नाव घेत नाही. फार निराश आहेत, जेवत नाहीत, जगण्यात राम नाही असं बोलतात. पूर्वी कारखान्यात वेल्डर होते. पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत शेवटचं घर, दाराला निळा रंग. पण नाव घेत नाही.
मंडळी हळहळली. पुढच्या बाकावरच्या आजीबाईंनी विचारलं, उंच आहे तो का त्याचा भाऊ? मी म्हणालो, उंच. पण नाव घेत नाही.
अशी कळकळीची प्रार्थना आमच्या मंडळीत बऱ्याच दिवसांत झाली नव्हती. वेल्डरची लेक शेवटच्या गीताआधीच उठून गेली. बहुतेक बरं नसावं. तिलाही प्रार्थनेत ठेवलं.

१२ सप्टेंबर, सोमवार
हिनं बातमी आणली. काल दुपारपासून वेल्डरच्या दारात रीघ. कोणी बिस्किटं घेऊन, कोणी सल्ला घेऊन. आजीबाई तर पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या आणि विचारलं, जीव द्यायचा विचार पक्का आहे का? वेल्डर उठला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि आतून कडी लावली. लेकीशी बोलणं बंद.
म्हणजे उठला तरी, मी म्हणालो.
हिनं माझ्याकडे जे पाहिलं, ते लिहीत नाही.
मन खातंय. मीही खाल्लं, नेहमीपेक्षा जास्त. उद्या स्वतः जाणार. हा संकल्प नाही, शपथ.

१३ सप्टेंबर, मंगळवार
ऑफिसात काम फार. खरं तर काम नाहीच, पण काम नसताना उठून जाणं बरं दिसत नाही.

१४ सप्टेंबर, बुधवार
संध्याकाळी गेलो. टाकीपर्यंत पोचलो, गल्लीत वळणार, एवढ्यात बुटाची नाडी तुटली. तुटक्या नाडीनं माणूस दुसऱ्याचं काय सांत्वन करणार? परतलो.
नवीन नाडी घेतली. म्हणजे तयारी सुरू आहे.

१७ सप्टेंबर, शनिवार
सभेला एकटा गिटारवाला. म्हणाला, बाकीच्यांना सर्दी आहे. तोही लवकर पळाला, जाताना शिंकला. तरुण पिढीत चिकाटी नाही. त्यांच्यासाठी एक मोठी जागृती सभा घ्यायचं ठरवलं: बाहेरचे वक्ते, मोठे स्पीकर, एकसारखे टीशर्ट.
आणखी एक. हॉलमधल्या खुर्च्या कमी झाल्यात. मोडक्या तेवढ्याच गेल्यात. मोडक्या खुर्च्यासुद्धा चोरायची वेळ आलीय माणसांवर. वस्ती किती दुखावलीय याचा हा पुरावा, भाषणात घेता येईल.

१८ सप्टेंबर, रविवार
पाळकसाहेबांना चोरीचं सांगितलं. हॉलला मोठं कुलूप लावा म्हणालो. ते म्हणाले, तुम्ही बसता ती जागेवर आहे ना? मग झालं तर. फार गोड हसले. वय झालं, जग कळत नाही त्यांना.
वेल्डरची लेक उपासनेला होती. माझ्याकडे बघितलं नाही. मी तिच्या दिशेनं हसलो, ते वाया गेलं. खरं सांगायचं तर गीत म्हणता आलं नाही. नुसते ओठ हलवले.

२१ सप्टेंबर, बुधवार
पुन्हा गेलो. या वेळी टाकीच्या पुढे, गल्लीच्या तोंडापर्यंत. ही प्रगती आहे. तिथं कुत्रं. झोपलेलं होतं, पण झोपलेल्या कुत्र्याचा काय भरवसा? लांबूनच बघितलं. निळ्या दाराच्या फटीतून निळसर उजेड लुकलुकत होता. मोठा टीव्ही घेतलेला दिसतो. माणूस टीव्ही बघतोय, म्हणजे सावरलाय. जायची तशी गरज नाही.
मग घरी येताना पाय एवढे जड का झाले होते, कळत नाही.

२४ सप्टेंबर, शनिवार
सभेला कोणीही नाही. 'चोरी करू नका' हे भाषण तयार होतं, ते रिकाम्या हॉलला दिलं. आता खुर्च्या एवढ्या कमी झाल्यात की हॉल रिकामा आहे हे लपतही नाही. मधेच माझा मलाच आवाज ऐकू आला आणि थांबलो.
इथं दुसरं कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. कारखाना बंद झाल्याची नोटीस फलकावर मी लावली. लिहिली साहेबांनी, पण टाचण्या माझ्या. जेवणाच्या सुट्टीची वेळ होती. मागे सगळे येऊन उभे राहिले, वाचत होते. वेल्डरही त्यांच्यात असणार. मी शेवटची टाचणी लावली आणि सरळ ऑफिसात गेलो. दार लावून घेतलं. डबा टेबलावरच उघडला. त्या दिवसानंतर मी त्याच्या तोंडासमोर गेलेलो नाही. बुटाची नाडी तुटली नव्हती. सुटली होती.
यात माझा दोष नाही, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं.

२५ सप्टेंबर, रविवार
कालचं वाचलं. जरा जास्तच लिहिलं गेलंय, थकवा असावा. जागृती सभेसाठी टीशर्टचा रंग ठरवला: केशरी.
हिनं विचारलं, वेल्डरकडे कधी जाताय? म्हणालो, योग्य वेळेची वाट बघतोय. ही म्हणाली, ती तुमची वाट बघून निघून गेली.

१ ऑक्टोबर, शनिवार
सकाळ: आज जाणार. आरशासमोर माफीची तयारी केली. मुद्दे तीन, शेवटी आवाज कापरा. उत्तम झाली. हिनं दारातून ऐकलं आणि म्हणाली, यात तो कुठं आहे? सगळं मीच मी चाललंय. एक 'तू' घातला.

संध्याकाळ: गेलो. कुत्रं होतं, झोपलेलंच. चालत राहिलो. निळ्या दारापर्यंत पोचलो आणि हात वर केला, पण तो दारावर पडेना. आतून आवाज आला. वेल्डरची लेक प्रार्थना करत होती.
म्हणत होती, प्रभू, आमच्या एका भावासाठी. नाव घेत नाही. ते टाकीपर्यंत येतात आणि बुटाकडे बघून परत जातात. गल्लीपर्यंत येतात आणि कुत्र्याला घाबरून परत जातात. त्यांना वाईट वाटतंय, आम्हाला दिसतं. त्यांना दार वाजवायचं बळ दे.
माझ्या मनात आलं, कोण असेल बिचारा. त्या कुत्र्याचा तर मलाही अनुभव आहे. आतल्यांबरोबर मीही आमेन म्हणालो. जरा मोठ्यानंच.
म्हणता म्हणताच लख्ख कळलं. पण तोंडातून गेलेला आमेन परत घेता येत नाही.
दार उघडलं. वेल्डर. वाळलाय, दाढी वाढलीय. डोक्यावर वर सरकवलेला वेल्डिंगचा मुखवटा. मागे आमचा अख्खा तरुण संघ, कोणालाही सर्दी नाही. जुळ्या बहिणी पॉलिश पेपरनं गंज घासत होत्या. गिटारवाला एका खुर्चीत बसला होता आणि पडत नव्हता. भिंतीशी हॉलमधल्या चोरीला गेलेल्या खुर्च्या, ओळीनं. खोलीत तापलेल्या लोखंडाचा वास. टीव्ही कुठंच नव्हता.
नंतर लेकीनं सांगितलं. तिनं पहिली मोडकी खुर्ची आणली आणि त्याच्या पलंगाशी ठेवून दिली. सल्ला नाही, प्रार्थना नाही. खुर्च्या न्यायला पाळकसाहेबांना तेवढं विचारलं होतं. खुर्ची दोन दिवस डुगडुगत राहिली, तिसऱ्या दिवशी त्यालाच ते बघवेना.
पण ते नंतर. दारात माझे तिन्ही मुद्दे पळाले. म्हणालो, तुला प्रार्थनेत ठेवलं होतं. याहून वाईट वाक्य मला आयुष्यात सुचलं नसतं.
तो म्हणाला, कळलं मला. अख्ख्या गल्लीला कळलं.
मग तो म्हणाला, नोटीस लावायला तुलाच पाठवणार, ते समजण्यासारखं आहे. पण लावून झाल्यावर एकदा वळून बघायचं होतंस. मी मागेच उभा होतो, डबा घेऊन.
मी माफी मागितली. तयार केलेली नाही. निघाली तशी, मोडकी. त्याची मागितली आणि त्याच्या लेकीची मागितली. आवाज कापरा झाला, आणि आरशात झाला होता तेवढा चांगला नाही झाला.
तो नुसता हं म्हणाला. मग खाली बोट दाखवून म्हणाला, पाय धर.
मला पटलं. हक्कच होता त्याचा. मी वाकलो.
तो म्हणाला, माझे नाही रे, खुर्चीचे. जोडायचे आहेत.
लेक हसली. किती दिवसांनी, मला माहीत नाही. तो हसला का ते दिसलं नाही. त्यानं मुखवटा खाली ओढला होता. मी पाय घट्ट धरून ठेवले आणि तो सांगेल तेव्हा डोळे मिटले. अधूनमधून तो न सांगताही मिटत होतो.
निघताना गिटारवाला म्हणाला, दादा, संघ आता इथंच भरतो. तुम्ही आलात तर चालेल. भाषण नको, बिस्किटं आणा. जागृती सभेचं विचारणार होतो, नाही विचारलं. दुरुस्त झालेल्या दोन खुर्च्या हॉलमध्ये न्यायला माझ्या दोन्ही हातांत दिल्या. वेल्डर दारापर्यंत आला आणि म्हणाला, सोमवारी डबा घेऊन ये.
कुत्रं जागं होतं. काही बोललं नाही.
घरी हिनं विचारलं, डोळे का लाल झालेत? म्हणालो, वेल्डिंगनं. मग राहवेना, म्हणून सांगितलं, आज एकासाठी केलेली प्रार्थना ऐकली गेली. हिनं विचारलं, कुणासाठी केलेली?
म्हणालो, नाव घेत नाही.
ही म्हणाली, नका घेऊ. टाकीपासून परत आलात त्या दिवसापासून अख्खी मंडळी करतेय, सगळ्यांना माहीत आहे.