सोनेरी काठाचा कप

रविवार संध्याकाळ, डिंगोरे

जर्मनीहून आलेला माझा मित्र पीटर आणि त्याची बायको आज दुपारी गेले. चार दिवस मी दुभाषा म्हणून मिरवलो, कुणाचं काही अडत नसताना. सकाळी दोघं आईजवळ चुलीपुढे बसून स्टीलच्या पेल्यातून चहा पीत होते. मला मात्र सोनेरी काठाचा कप, बशीसकट. तो आई पाहुण्यांनाच देते.

“मला का गं कप?”

“पेल्याचा चटका सोसायचा न्हाई तुला, पावणं!”

पीटरला मराठीतला तेवढाच शब्द कळतो. तो हसला आणि सरकून त्याने मला जागा करून दिली. माझ्याच घरात!

एवढं काय लागलं मला त्या कपाचं? गंमतच केली तिने. केली ना?

ते गेल्यावर मी मुद्दाम पेल्यात चहा मागितला. आईने कपच पुढे केला.

“तूबी उद्या निघणार न्हवं?”