थाळी वाजली की कुठं जायचं

२ सप्टेंबर, मंगळवार
महालक्ष्म्या उठल्या. मुखवटे पुसून डब्यात ठेवले. घर कसं रिकामं वाटायलंय.
ही डायरी अस्मीनं दिली, तिच्या हापिसातली, कोरी करकरीत. मनली, आजी, रोज दोन ओळी लिहीत जा. माझी शाळा चौथीपस्तोर. अक्षर कोंबडी चालल्यावानी. पण लिहिणार. लेकाची पोरगी नोकरीला लागली, ते लिहायचं न्हाई तर काय लिहायचं?
नांदेडला ट्रेनिंग करून आली. आता आपल्या गावाच्या वरल्या धरणावर, कंट्रोल रूममधी. भिंतीवर टीव्ही हायेत मने, त्यात धरणाची दारं दिसतात. दारं उचलायचं साहेब ठरवतात, पण खालच्या गावांना फोन हिनं करायचा. तहसीलला, पोलिसाला, सरपंचाला. माझी पोरगी फोन करती आन् सरपंच उठून उभा ऱ्हातो. गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या गोदाबाईला दोन दिले, तिचं तोंड बघाया.

५ सप्टें. शुक्रवार
आज इज्जत गेली का ऱ्हायली, कळंना.
दुपारी भाकरी थापायले तर एकदम भोंगा. असा की काळजात कळ. मला वाटलं जिमीन हालली. काशाची थाळी उचलली, बडवत दारात आले. आमच्या गल्लीची ही रीतच हाय. भूकंपात जुनं गाव गेलं तवापासून. जिमिनीतून गुरगुर आली की मी थाळी वाजवायची, सगळ्यांनी हातातलं टाकून नदीकडच्या मैदानात यायचं. तिथं वर आभाळच, अंगावर पडायला काय न्हाई. आज बी सगळे आले. गोदाबाई तर पिठाच्या हातानं. एक म्हातारं मागं ऱ्हायलं न्हाई, मी खूस.
तेवढ्यात जीप. अस्मी आन् तिचे साहेब उतरले. साहेब कायतरी लिहून घ्यायलेत. अस्मीचं तोंड उतरलेलं. जवळ येऊन हळूच मनली,
"आजी, भोंगा पाण्याचा होता. धरणाची दारं उघडली तर पाणी पयलं ह्याच मैदानात येतं. तू सगळ्यांना पाण्याच्या वाटंत आणून उभं केलंस."
खरं पाणी नव्हतं. नुसती तालीम होती. तरी पायाखालचं गवत गार लागाया लागलं.

९ सप्टें.
अस्मी सुट्टीला आली. धपाटे केले, दह्यासंग चार खाल्ले. लई बोलली. पाण्याचा भोंगा झाला की शाळेच्या गच्चीवर चढायचं. गावात तेवढीच उंच जागा. मी मनलं, चढतील की लोकं. ती मनली, लोकं न्हाई चढत, तुझ्या थाळीला येतात. "माझ्या फोनला सरपंच उठतो आजी, गल्ली तुझ्या थाळीलाच उठती. थाळी गच्चीवर वाजव."
गच्ची मनजे स्लॅब. सरकारनं बांधून दिलेल्या घराला बी स्लॅब हाय, मनून मी परसात पत्रा टाकून झोपते. ऊन असो का थंडी. स्लॅबखाली जेवते, पाठ टेकत न्हाई. जुन्या घराला मातीचं माळवद होतं, जाड. माझी धाकटी सुमन त्याच्या खाली होती. फुडं लिहीत न्हाई.
शाळेचा जिना दोन मजल्यांच्या आतून जातो. वर स्लॅब, त्याच्यावर स्लॅब.

१४ सप्टें. रविवार
झड लागली. सोयाबीन शेतात उभं, शेंगांला मोड फुटायलेत.
देवळामागच्या खांबावरल्या भोंग्याची बॅटरी चोरीला गेली. कुणी नेली, कवा, कुणालाच म्हाईत न्हाई. डबा उघडा, आत दोन वायरी लोंबायल्यात. असल्या जिनसेवर बी हात टाकतात लोकं. अस्मी फोनवर इतकी तापली की मला वाटलं चोर मीच. नवी येणार हाय. कवा, ते साहेबाला बी म्हाईत न्हाई.
तवर खाजाभाईला सांगितलंय. टेलर हाय आमच्या गल्लीचा, मशिदीचा माईक त्याच्याच हातात. अस्मी त्याला फोन करणार, तो पुकारणार. खाजाभाई मला मनतो, "मावशी, मी माईकवर बोललो तर बाया आधी इचारतील, खाजाभाई, माझं ब्लाउज कवा देतूस."
लई हसले. मग घरी आल्यावर हसू गेलं.

१८ सप्टें.
पाऊस हायेच. कपडे वाळंनात, पितरांचं जेवण बी ओल्या लाकडावर.
शाळेला गेले. कुणाला न सांगता. निम्म्या पायऱ्या चढले आन् वर बघितलं. माघारी आले. मास्तर मनले, काय आज्जी, नाव घालायला आलात का. हाव मनलं, पाचवीत.
गोदाबाईनं बघितलंच. मनली, सरूबाई, तुझी मॅडम बसली धरणावर, आन् आपल्याला स्लॅबवर चढवायली. वर असताना जिमीन हालली तर? तिचा नवरा, दोन लेकरं भूकंपात गेली.  तिचं चुकलं असं मनता येईना.

२० सप्टें. शनिवार
अस्मी घरी न्हाई. धरणावरच झोपती. धरण भरलं मने, अजून वरून पाणी यायलंच. आवाज बसलाय पोरीचा. जेवलीस का इचारलं, हाव मनली. खोटं.
दिवस मावळायच्या आधी जिमिनीत गुरगुर झाली. फळीवरली भांडी वाजली. थाळी वाजवायच्या आधीच सगळे मैदानात. पायात चिखल. नदी रोज दिसती त्याच्या अलीकडं दिसायली, रंग चहावानी. बेडकं गप.  
आता दोन्ही एकाच येळी आलं तर? अस्मीला इचारलं.  ती मनली, "आजी, पाणी येणारच हाय. जिमिनीचं मला सांगता येत न्हाई."
माझ्याशी खरं बोलती, हे एक बरं.

२२ सप्टें. सोमवार, घट बसले
सकाळी परडीत माती घातली, गहू पेरला. हात जोडले तेवढ्यात पुन्हा गुरगुर. परवापरीस मोठी. गल्ली मैदानात गेली, मी बी निघाले. फोन वाजला. अस्मी.
"आजी, आता."
बाकी कायच न्हाई. मागं तिथं दुसरे फोन वाजायलेले.
मशिदीवरून खाजाभाई पुकाराया लागला, पण पावसात अर्धं ऐकू येईना. मी थाळी घेतली आन् शाळेकडं वळले. जिन्यात डोळे मिटले. भिंतीला हात लावून, सुमनचं नाव घेत चढले. कसं ते इचारू नये.
आता गच्चीवर हाय. टाकीच्या आडोशाला, डायरी पिशवीत धरून लिहायले. वाजवून वाजवून मनगट चढलं मनून टेकले. मास्तर लेकरं घेऊन वर आले. खाजाभाई आला, त्याची माणसं आली, निम्मी गल्ली आली. थाळी सध्या त्याच्याकडं हाय, ठेका धरता येईना त्याला.
निम्मी अजून खाली हायेत. मैदानाखालची नदीकाठची बाभळ मघाशी पुरी दिसत होती, आता तिचा शेंडाच दिसतोय. गोदाबाई मधोमध उभी, डोक्यावर पोतं. वर बघायली. एक पाऊल इकडं टाकती, पुन्हा थांबती, पायाखाली बघती.
आत्ता गच्ची हालली का माझेच पाय कापायलेत?
उठते. खाजाभाईच्या हातून थाळी घेते. माझी थाप तिच्या वळखीची हाय.