कोटाचं अस्तर आणि धाकूचा डावा हात

डोंबिवली (पूर्व),
६ डिसेंबर १९९८

ती. हरिहरदादा,

धाकट्या बहिणीचा, उत्तराचा, गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार. तुझा खोकला, वहिनींची कंबर आणि टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगचं पाणी, तिन्हींत सुधारणा असेल अशी आशा आहे. टिटवाळा काही फार लांब नाही, मग हिने पत्र का लिहिलं, असं तुझ्या मनात आलंच असेल. पण फोनवर तू मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाहीस आणि मला जे सांगायचंय ते निदान चाळीस वाक्यांचं आहे.

दिवाळीनंतर इथे हृदयरोगाच्या एका डॉक्टरांचं व्याख्यान झालं. शेजारच्या कमळाबाईंना सोबत म्हणून मी गेले. कमळाबाई दहाव्या मिनिटाला झोपल्या आणि आपण तीस वर्षं मुलांना अर्धवट शिकवलं, हे मला विसाव्या मिनिटाला कळलं. मी काय शिकवायचे? रक्तवाहिनी म्हणजे नळी, चरबी म्हणजे गाळ, गाळ साचला की नळी तुंबते. दादा, ती नुसती नळी नाहीच. तिला आतून एक अस्तर असतं, फक्त एका पेशीच्या जाडीचं, आणि ते जिवंत असतं. ते रक्ताला गोठू देत नाही, एक वायू सोडून नळीच्या स्नायूंना सैल व्हायला सांगतं (यंदाचं वैद्यकाचं नोबेल त्या वायूच्या शोधालाच मिळालंय, तुझ्या पेपरात नक्की आलं असणार), आणि तंबाखू, वाढलेला रक्तदाब, साखर यांनी ते दुखावलं की चिकट होतं. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला चिकटतात, त्याच्याखाली शिरतात, चरबीही शिरते आणि तिथे दाह सुरू होतो. म्हणजे आपल्या बोटात कुसळ गेल्यावर जशी सूज येते तशी सूज, पण नळीच्या भिंतीत, आणि वर्षानुवर्षं. एक दिवस त्या सुजेवरचं अस्तर फाटतं, तिथे गुठळी होते आणि माणूस छाती धरून खाली बसतो. डॉक्टर असंही म्हणाले, की हिरड्यांची जुनी सूजसुद्धा याला हातभार लावत असेल अशी काहींना शंका आहे, अजून सिद्ध झालेलं नाही. मी त्याच संध्याकाळी नवा दातांचा ब्रश आणला.

पुढचे आठ दिवस मी काय केलं असेल ते तू ओळखशील. जिन्यात, भाजीवाल्यापाशी, रेशनच्या रांगेत, सगळीकडे अस्तर. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी महिपतराव मीटिंगमध्ये तुंबलेल्या पाइपाबद्दल बोलताना सहज म्हणाले, की हे हार्टसारखंच आहे. तिथे मी उभी राहिले. पाइपाला सूज येत नाही, महिपतराव, एवढंच सांगायचं होतं, पण पाऊण तास गेला. पाइप अजून तुंबलेलाच आहे आणि महिपतराव हल्ली मला बघून गच्चीवर जातात.

अशात सगुणा भेटली. आमच्या ठाण्याच्या शाळेत आया होती ती, चेंदणी कोळीवाड्यातली. तिच्या महिला मंडळात दर महिन्याला कोणीतरी येऊन बोलतं. या वेळी मेंदीवाली येणार होती, ती आजारी पडली आणि तिच्या जागी मी उभी राहिले. नुसतं बोलून कळणार नाही म्हणून मी प्रयोग तयार केला. त्यासाठी अस्तर असलेली बाही हवी होती. (इथे जरा बसून घे. मे महिन्यातल्या लग्नानंतर तुझा काळा कोट माझ्याकडे राहिला होता.) उजवी बाही मी तशीच ठेवली, ती निरोगी रक्तवाहिनी. डाव्या बाहीचं अस्तर उसवून त्याखाली कापूस ठासला आणि परत शिवून टाकलं, ती सुजलेली. गाळ वर बसत नाही, सूज अस्तराच्या खाली असते, हे बायकांना हात घालून कळलं असतं. मला तर हा कोट बघून नोबेलवाल्यांनी माझंही नाव लक्षात ठेवावं असं वाटत होतं.

बावीस नोव्हेंबर, रविवार, दुपारी तीन. चाळीसएक बाया, दोन पाट्या कोळंबी बाहेर झाकून ठेवलेली आणि मी. बायांनी उजव्या बाहीत हात घातले, हसल्या. डाव्या बाहीला दणकट हात हवा म्हणून मी सगुणाच्या नवऱ्याला बोलावलं. धाकू दाराशी जाळं विणत बसला होता. वल्ह्यासारखा हात. तो कोपरापर्यंत गेला आणि अडकला. पुढे जाईना, मागे येईना. बाया हसून लोळल्या. धाकूच्या कपाळावर घाम आलेला. मी तो बायांना दाखवून म्हणाले, बघा, वाट अरुंद झाली की किती जोर लागतो.

धाकू म्हणाला, "बाय, हात तर सकालपासूनच जड हाय. जबड्यात बी ठणकतंय, दाताचाच आसंल. तंबाखू दाबली मी."

दादा, मला लिहायलाही लाज वाटते. मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, शाब्बास, अगदी असंच होतं, डावा हात, जबडा, घाम. आणि फळ्याकडे वळून लिहायला लागले. माझ्या पाठीमागे साक्षात माणूस बसला होता आणि मी खडूने 'लक्षणे' लिहीत होते, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून.

सगुणा उठली. तिने माझ्या हातातला खडू काढून घेतला. "बाय, तुमचा अस्तर ऱ्हाऊं द्या. माज्या मान्साकरं बगा."

मी बघितलं. धाकूचा चेहरा राखेसारखा झाला होता. मग मात्र आम्ही रिक्षा थांबवली आणि सगुणा, मी आणि अर्धा कोट घातलेला धाकू असे निघालो. तो सारखा म्हणत होता, "कोट फाटंल, कोट फाटंल." हॉस्पिटलात कोट फाटलाच. तरुण डॉक्टरने कात्री लावली, बाहीतून कापूस भसाभस बाहेर आला आणि त्याने विचारलं, की हाताला एवढं बँडेज कोणी बांधलं. कार्डिओग्राम काढला. अटॅकच होता. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वेळेत मिळालं.

धाकू वाचला. परवा भेटले तेव्हा पेज पीत होता. सगुणाने तंबाखूची डबी खाडीत टाकली म्हणून रुसला होता. मला म्हणाला, "बाय, तुमचा कोट घट झाला म्हनून कललं. नायतर मी दात उपटाया जानार व्हतो." कोळीवाड्यात आता सगळे म्हणतात, की बाईंनी कोट घालून अटॅक ओळखला. मी तीनदा खरं सांगितलं. कोणी ऐकत नाही आणि वर पापलेट देतात. (पापलेट उत्तम होतं.) पण ओळखलं सगुणाने. तिला अस्तर माहीत नव्हतं, धाकू माहीत होता.

कोटाची एक बाही शाबूत आहे. वहिनींना नमस्कार.

तुझी,
उत्तरा

ता. क. हॉस्पिटलात बाकावर बसले होते तेव्हा एका नर्सला माझा चेहरा बरा दिसला नाही. तिने माझा रक्तदाब घेतला. मग परत घेतला. मग दुसऱ्या यंत्राने घेतला आणि आकडा चिठ्ठीवर लिहून म्हणाली, आजी, हे आजच डॉक्टरांना दाखवा. दोन आठवडे झाले, चिठ्ठी पर्समध्येच आहे. अख्ख्या कोळीवाड्याला, महिपतरावांना आणि तुला सगळं समजावून झालं, ती चिठ्ठी मात्र मी कोणाला दाखवलेली नाही.

आणखी ता. क. गेल्या गुरुवारची वेळ घेतली होती, ठाण्याच्या डॉक्टरांकडे. गेलेही होते. कंपाउंडरने "उत्तराबाई" असं पुकारलं, इकडेतिकडे बघितलं आणि मलाच विचारलं. मी सांगितलं, त्या आल्या नाहीत. हे गेल्यापासून डॉक्टरांच्या खोलीत एकटीने आत जाणं मला जमत नाही, दादा. या गुरुवारी सकाळी दहाची वेळ पुन्हा घेतली आहे. तू ये. नाव पुकारतील तेव्हा, आल्या आहेत, एवढं तू सांग.