पासवर्डचं गाऱ्हाणं

१ जुलै २००९, बुधवार
आपली सागरतीर सहकारी बँक मोठ्या बँकेत विलीन झाली. पाटी नवी, पंखा तोच. पूर्वी दारात पाय ठेवला की कॅशियर भाई ओरडायचा, "भिकाजी, काढूचे की भरूचे?" आता भाई रिटायर, आणि त्याच्या जागी काच. काचेमागच्या उर्वशी मॅडम म्हणाल्या, काका, आता सगळं इंटरनेटवर, घरबसल्या. आमच्या घरी इंटरनेट नाही, पण शब्द आवडला.
नम्रताला कोल्हापूरच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली आहे. पोरगी हॉस्टेलवर पोचली, फी बाकी. अठरा हजार, ३१ तारखेच्या आत. नाही भरली तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. कॉलेजचं खातंही त्याच बँकेत. म्हणजे पाच मिनिटांचं काम.
नर्मदेचं म्हणणं ड्राफ्ट काढा. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी बायको मला ओळखत नाही.
संकल्प: १० तारखेच्या आत फी भरणार. स्वतः. होडी नारळी पौर्णिमेपर्यंत वर ओढलेली. वेळच वेळ.

४ जुलै, सायंकाळी
बँकेचं पाकीट आलं. आत युजर आयडी आणि एक तात्पुरता पासवर्ड. तो बदलून आपला ठेवायचा. कुणाला सांगायचा नाही, कुणाला सुचणार नाही असा हवा.
बराच वेळ चिंतन. देवाचं नाव घेणार होतो, पण ते पहिलं कुणालाही सुचेल. शेवटी दोन उरले. एक, होडीचं नाव आणि ती घेतल्याचं साल: तारिणी ८४. दुसरा, आईचं नाव आणि माझं जन्मसाल: गोमती ५९. ठरेना.
होडी पाण्यात कधी लोटायची, विहीर कुठे खणायची, हे आपण देवाला विचारतो. लेकीच्या फीचं का विचारू नये?

६ जुलै, सोमवार
देवळात कौल लावला. विठोबा गुरवाने देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना फुलाच्या पाकळ्या लावल्या; आधी पडेल ती देवाची पसंती. उजवी तारिणी, डावी गोमती. मग गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मोठ्याने मागणं. देवाचा घोटाळा होऊ नये म्हणून खात्याची सगळी माहिती मी चिठ्ठीवर लिहून दिली होती. विठोबाने ती वाचून दाखवली. त्याचा आवाज समुद्रावर जातो.
"बा देवा महाराजा! ह्या तुझ्या लेकरान, भिकाजी तांडेलान, नव्या बँकेत खाता उघडल्यान आसा. तेचो युजर आयडी..." आठही आकडे एकेक करून. "...तर तेनी पासवर्ड तारिणी चौऱ्याऐंशी ठेवूचो की गोमती एकोणसाठ, तो कौल दी रे महाराजा!"
तीसएक माणसं एका सुरात: "व्हय महाराजा!"
उजवी पडली. अंगावर काटा आला. आता हे फक्त देवाला आणि मला ठाऊक.

७ जुलै
भरडाच्या नाक्यावर सुभद्राचं सायबर कॅफे. तिने पासवर्ड बदलून दिला. ती टाईप करत असताना मी गुप्तता म्हणून तोंड भिंतीकडे केलं होतं.
फी भरणार तोच लाईट गेली.

९ जुलै
बाजारात काशीबाईने सुक्या बांगड्यांच्या टोपलीआडून हाक मारली, "काय रे तारिणी चौऱ्याऐंशी, बरो मां?" सलूनवालाही तेच म्हणाला. होडीचं नाव गावाच्या तोंडी आहे, बरं वाटलं.
बँकेत गेलो. मॅडमनी विचारलं, पासवर्ड कुणाला सांगितला नाही ना? म्हटलं, देवाशिवाय कुणाला नाही. कसा सांगितला ते सविस्तर सांगितलं. मॅडमनी पाणी मागवलं. म्हणाल्या, आजच्या आज बदला.
शहरातल्या आहेत. दिलेला कौल मोडायचा असतो का? विठोबाला विचारून पाहिलं. तो म्हणाला, मोडशीत तर नारळ नि कोंबो द्यावो लागात. तूर्त राहू दे. गाव आपला आहे.

१० जुलै
सायबर. नाव, आयडी, पासवर्ड, एकेक अक्षर शोधून घालेपर्यंत मशीनने मला बाहेर काढलं. चार वेळा. यंत्राला सबुरी नाही. सुभद्रा म्हणाली, "काकानू, मी घालू?" म्हटलं, नको, हे ज्याचं त्याने करायचं असतं.
सुधारित संकल्प: १५ तारीख.

१४ जुलै
नम्रताचा फोन. "थँक्यू बाबा!" म्हणाली आणि रडलीच. कशाबद्दल ते विचारलं नाही. घर सुटलं की मुलांना आई-बापांची किंमत कळते.
कॉलेजचं पत्र पेटीत सापडत नाही. नर्मदेला विचारलं. म्हणाली, "आसात खंयतरी." घरात शिस्त नाही.

२२ जुलै
सकाळी ग्रहण, वर अमावस्या. आज पैशाला हात लावणं योग्य नव्हे. पंधरापासून आजपर्यंत का झालं नाही, याची कारणं वेगळी आहेत. पाऊस, सर्व्हर, आणि एक दिवस चष्मा.
नर्मदा हल्ली फीबद्दल विचारत नाही. विश्वास बसला असावा.

२९ जुलै, दुपारी
आत शिरलो! एकट्याने! सुभद्राने टाळ्या वाजवल्या.
शिल्लक बघितली. अठरा हजार कमी.
खाली इंग्रजीत तारीख वगैरे बरंच काही होतं. वाचायचं भान नव्हतं. सुभद्रा मागून काहीतरी सांगत होती, मी पायरी उतरलो होतो. लेकीची जागा गेली. गावातल्याच कुणीतरी. तीसजणांना आयडी ठाऊक, पासवर्ड ठाऊक. मॅडमचा पाण्याचा ग्लास आज समजला.
नर्मदेला सांगायचं धैर्य नाही. जेवलो नाही. पोटाचं निमित्त सांगितलं.

३० जुलै, गुरुवार
पोलिसांत जाण्याआधी देवळात गेलो. चोराविरुद्ध गाऱ्हाणं घालायला. विठोबाने घंटा वाजवली. माणसं जमली, कोण कोण आलं आणि कोण नाही ते मी मनात टिपून ठेवलं. नर्मदाही बायकांत येऊन उभी राहिली. तिला कुणी सांगितलं देव जाणे.
विठोबा सुरू झाला. "बा देवा महाराजा! ह्या गरिबाच्या खात्यातले अठरा हजार जेनी काडल्यान, तो खंयय लपलेलो आसांदे, तेका आठ दिसात..."
"थांबा गुरवानू," नर्मदा म्हणाली. "काडलंय मिया."
माणसं मागे वळली.
"तेरा तारखेक भरलंय फी. सुभद्रान कळ दाबल्यान. आयडी माका पाठ होतो, तुमीच आयकवलात मां सगळ्यांका. पावती पेटयेत आसा."
मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस?
"सांगलं आसतंय तर तुमी परत कौल लावलो आसतात."
विठोबाचा हात अजून वरच होता. घातलेलं गाऱ्हाणं अर्धं सोडता येत नाही. त्याने आवाज बदलून पुरं केलं, "...तर तेका आठ दिसात सुखी कर रे महाराजा!"
"व्हय महाराजा!" सगळ्यात मोठा आवाज काशीबाईचा.

३१ जुलै
कॉलेजात फोन केला. फी जमा, जागा पक्की. आमच्या नावाने नम्रता पेढे वाटून मोकळी झाली आहे. वेळेत भरली गेली, म्हणजे मुळात माझा बेत बरोबर होता.
कौल मोडल्याचा कोंबडा मात्र द्यावा लागला. नर्मदेने पासवर्ड बदलला. मला सांगत नाही. म्हटलं, निदान देवाला तरी सांगितलास का?
"देवाक सांगलंय," म्हणाली. "मनातल्या मनात."
पन्नास वर्षं देवळात जातो आहे. तसंही सांगता येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.