कोणाचे पन्नास?

दि. ४ फेब्रुवारी

चि. चिमीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

दादा इतका गप्प का, असं तू विचारलंस. तर ऐक. आमच्या कारखान्यात यंत्रांना हुकूम देणारे जुने कंट्रोलर काढून दुसऱ्याच कंपनीचे बसवलेत. जुन्यांशी बावीस वर्षं संसार केला, नव्यांनी मात्र नाकी नऊ आणलेत. जोडण्यांचे नंबर सातनंतर थेट दहा! आठ आणि नऊ यांच्याकडे नसतातच. मी अर्धा दिवस बॅटरी घेऊन आठ नंबर शोधत होतो. शिकवायला आलेली चष्मेवाली इंजिनिअर आमच्या मुलीच्या वयाची. तिने पाहिलं, पण हसली नाही.

साबणाची पावडर पिशवीत भरणारं यंत्र माझ्या वाट्याला आलंय. प्रोग्राम मीच लिहायचा आणि वीस तारखेला, ती जायच्या आधी, चालवून दाखवायचा. नाही जमलं तर यंत्र बाहेरच्या माणसांकडे जाणार आणि मी स्टोअरमध्ये स्क्रू मोजायला. वहिनीला यातलं काही सांगितलेलं नाही.

तसं काम सरळ आहे. पिशवी आली की झडप उघडते, पाच सेकंद पावडर पडते (त्यासाठी पन्नास लिहायचं), झडप मिटते, पिशवीचं तोंड बंद होतं. पण इथे झडप उघडते न उघडते तोच मिटते, आणि पिशवीत पावडर चिमूटभर! झडप बदलली, वायर बदलली, आता हात टेकलेत. चष्मेवालीला विचारायची लाज वाटते. वयाचा मान म्हण किंवा आडमुठेपणा म्हण.

मुलांना आशीर्वाद. पत्र लवकर टाक, तेवढंच बरं वाटतं.
तुझा दादा

दि. ९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आडमुठेपणाच म्हणते! वहिनीपासून लपवलंस, हे तर त्याहून मोठं धाडस. पत्र वाचून जीव कासावीस झाला, आणि त्या आठ नंबरापाशी हसूही आलं, माफ कर.

मला त्या कंट्रोलरमधलं ओ की ठो कळत नाही. मी पडले दुसरीच्या वर्गाची बाई. पण एका गोष्टीपाशी अडले. पाच सेकंदांसाठी पन्नास का लिहायचं? तू ते कंसात टाकून इतक्या सहज पुढे गेलास, की मी तीनदा वाचलं.

मी सात वर्षांची होते तेव्हाचं आठवतं? मोठा काटा तीनवर आला की मी तीन मिनिटं म्हणायचे. काच तडकलेलं ते गजराचं घड्याळ मांडीवर घेऊन तू रोज विचारायचास, की हे तीन कोणाचे, छोट्या काट्याचे की मोठ्याचे? कधी रागावल्याचं आठवत नाही. वर्गात एखाद्या पोरावर माझा आवाज चढायला लागला, की मला तो दादा दिसतो आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगते.

तर आज मी विचारते. तुझे ते पन्नास कोणाचे?

लोभ आहेच, तो वाढावा, आणि लाज थोडी कमी व्हावी.
तुझी चिमी

दि. २१ फेब्रुवारी

चि. चिमीस,
आशीर्वाद, आणि या खेपेला दादाचाच तुला नमस्कार.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा अर्धा टाकून उठलो. चष्मेवालीला विचारलं, की इथले पन्नास कोणाचे? तिने माझं पान पाहिलं आणि लगेच सांगितलं. जुना कंट्रोलर सेकंदाचे दहा तुकडे करून मोजायचा. नव्यात मी जो टायमर निवडला होता, तो शंभर तुकडे करतो. माझे पन्नास म्हणजे अर्धा सेकंद! झडप बिचारी हुकमाची ताबेदार, आणि मी तिला आठ दिवस शिव्या घालत होतो. पाचशे लिहिलं आणि पिशवी काठोकाठ भरली. मी चष्मेवालीचे आभार मानले, तर म्हणाली की तीही पहिल्या वर्षी इथेच चुकली होती, लाजेने कुणाला सांगितलं नव्हतं.

काल सलग दोनशे पिशव्या भरून दाखवल्या. यंत्र माझ्याकडेच राहिलं. जिवात जीव आला. वहिनीला सांगायला गेलो, तर तिला सगळं ठाऊक होतं. मी झोपेत सात, दहा, अकरा मोजायचो म्हणे.

चिमे, तुझे उपकार कसे फेडू? पण एक सांगायचं राहिलंय. मी रागावलो होतो. तुला येईना म्हणून घड्याळ भिंतीवर आपटलं होतं. ती काच त्यानेच तडकली. तू विसरलीस, हे माझं भाग्य.

असाच जीव लाव.
दादा

दि. २६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न.

यंत्र तुझ्याकडे राहिलं हे वाचून वर्गातच डोळे भरून आले. पोरांना वाटलं बाईंना पडसं झालंय.

आठवत नाही असं लिहिलं ते खोटं होतं, दादा. आपटलंस तेव्हा मी पलंगाखाली जाऊन बसले होते. आता घड्याळ नाही शिकायचं, असं ठरवलंही होतं. दुसऱ्या दिवशी तू तेच तडकलेलं घड्याळ घेऊन पलंगाखाली आलास, आणि पुन्हा विचारलंस, की हे तीन कोणाचे. त्या दिवशी मला ते कळलं.

वहिनीला नमस्कार. लोभ होता तसाच असू दे.
तुझी चिमी