रात्रीचे तास

३ फेब्रुवारी १९५८

आचके थांबून आज सहावा दिवस. धनुर्वातातून अण्णा वाचतील यावर इस्पितळात कुणाचा विश्वास नव्हता. वाचले! जबडा उघडतो, पेज घेतात. पण मला, सख्ख्या भावाला, ओळखत नाहीत.

दिवसभर ग्लानी. मधेच दुपारी दोनला खाटेवरून उतरायला लागले — "सोडा मला. रातचे तीन वाजले. तास कोन देनार?" रात्री मात्र डोळे टक्क उघडे. भिंतीवर माणसं दिसतात म्हणे. शारदावहिनी पदर दातांत धरून बसून असतात.

अठ्ठावीस वर्षं कचेरीचा पितळी तास अण्णांनी ठोकला. निजाम गेला, पोलिस ॲक्शन झाली, अण्णांचा ठोका चुकला नाही. सगळं उस्मानाबाद त्यावर जेवलं, झोपलं. आणि आता त्यांनाच वेळ कळेना.

४ फेब्रुवारी

डॉक्टर शरणबसप्पांनी बाहेर बोलावलं. सोमवारपर्यंत फरक पडला नाही तर वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं लागेल, कागद तयार ठेवतो, म्हणाले. तिथून परत आलेला माणूस मी वीस वर्षांच्या बातमीदारीत पाहिला नाही.

वहिनींना सांगितलं नाही. सोलापूरच्या वर्तमानपत्राची बातमी पाचच्या मोटारीनं गेली. काय लिहिलं, आठवत नाही.

५ फेब्रुवारी

बातमी दिली. अण्णा तसेच.

६ फेब्रुवारी

आज मोटार चुकणार होती. मला बावीस मिनिटं उशीर — हयातीत पहिल्यांदा. कंडक्टर थांबला होता. रागावला नाही. उलट म्हणाला, "तासच वाजत न्हाय तर तुमाला तरी कसं कळावं?"

तिथंच उभा राहिलो.

तास मीच बंद केला होता! इस्पितळ नि कचेरी भिंतीला भिंत. आवाजानं अण्णांना आचके यायचे, म्हणून चोवीस दिवसांपूर्वी अर्ज मी लिहिला. साहेबांनी लगेच मानला. गावानं आपल्या माणसासाठी वेळ थांबवली, अशी बातमीही मीच पाठवली. उजेडानं आचके येत, म्हणून खिडकीला काळा कागदही मीच चिकटवला. आचके थांबले, कागद राहिला, तास मुकाच राहिला. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणी सांगेल.

डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "शरीरातही घड्याळ असतं, वसंतराव. उजेड त्याला चावी देतो. मलाच सुचायला हवं होतं. काढा तो कागद."

कचेरीतही जाऊन आलो.

७ फेब्रुवारी

सकाळी कागद फाडला. ऊन थेट उशीवर. अण्णांनी तोंड वाकडं केलं, पण बघत राहिले. वहिनींनी दिवसभर त्यांना टेकून बसवलं, डोळा लागला की हलवलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सगळ्या भानगडी सांगितल्या.

संध्याकाळी सहाला बदलीवरच्या धुळाप्पानं तास दिला. अण्णांची बोटं चादरीवर हलली. सहा वेळा.

९ फेब्रुवारी

रात्री सलग पाच तास झोपले!

आठचे ठोके ऐकताना अण्णांच्या कपाळाला आठी.

"कोन हाय रे त्यो?"

"धुळाप्पा, अण्णा."

"उशीर केला. ऊन चौकटीला लागून लई वेळ झाला. आन् हात कच्चा हाय." मग माझ्याकडं नीट बघून, "वसंता, दाढी का केली न्हाईस? कोन मेलं?"

घड्याळ पाहिलं. धुळाप्पा चार मिनिटं मागं.

१० फेब्रुवारी

सोमवार. डॉक्टरांनी वेड्यांच्या इस्पितळाचा तो कागद माझ्यासमोर फाडला. अण्णांना मोठ्या वॉर्डात हलवलं. वहिनींना आता सगळं सांगितलं. म्हणाल्या, "मला माहीत होतं, भाऊजी. तुम्हाला लपवता कुठं येतं?"

घरी येऊन मीही झोपलो. दुपारपर्यंत.

१३ फेब्रुवारी

उद्या घरी. अण्णांनी अर्ज लिहायला बसवलं. मला वाटलं, रजेचा.

"लिही — रातचे धा वाजल्यापासून पहाटे पाचपत्तुर तास देऊ नये."

लिहिता लिहिता मी वर पाहिलं.

"शेजारच्या खाटंवरचा कोंडीराम दर ठोक्याला दचकून उठतो. रातभर कण्हतो." भिंतीकडं बघत होते. "अठ्ठावीस वर्षं या भिंतीपल्याड मीच ठोकत होतो रे."

सही त्यांनी स्वतः केली.