कप्तानाचा शेवटचा कॉर्नर

बाबा, कप्तानानं फुटबॉल खेळणं सोडलं. तुम्हाला हे कुणीतरी सांगायला हवं होतं. आई आता नाही, तुमच्या शिफ्टमधले बहुतेक लोक निवृत्त होऊन आपापल्या गावी गेले, म्हणून ते माझ्याकडे आलं. संक्रांतीनंतरच्या रविवारी कॉलनीच्या मैदानावर त्याचा निरोपाचा सामना झाला. अर्धी वणी लोटली होती, खाणीपलीकडच्या गावांतून लोक ट्रॅक्टर भरून आले होते, चंद्रपूर रोडच्या ट्रकवाल्यांनी गाड्या बाजूला लावून कुंपणाला लोंबकळत सामना पाहिला. तुम्ही असता तर छाती फुगवून फिरला असता. मी मात्र पूर्ण वेळ ओढणीचं टोक हातात पिळत बसले होते.

तुमच्या मनात तो अजून पोरगाच असेल. आपलं शेत कोळशाच्या खाणीत गेलं, त्या बदल्यात तुम्हाला तिथल्या शॉवेल मशीनवर नोकरी लागली आणि तेव्हापासून तुमचा रविवार मैदानाचा झाला. मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. तो पहिल्यांदा उतरला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं, अंगातला शर्ट कुणा मोठ्या माणसाचा होता आणि बाह्या कोपराखाली येत होत्या. कॉर्नर आला. गोलसमोर दहा माणसांची गर्दी, आणि त्या गर्दीच्या वर एकटा तोच दिसला, खालून कुणी उचलून धरल्यासारखा. चेंडू कपाळावर बसल्याचा आवाज आपल्यापर्यंत आला. तुम्ही ताडकन उभे राहिलात. "पाह्य, पाह्य! डोकं पाह्य त्याचं!" बाकीचे लोक हेड म्हणायचे, तुम्ही डोकं म्हटलं, आणि पुढच्या रविवारपासून सगळं मैदान तुमच्या मागून तेच ओरडायला लागलं. कॉर्नर मिळाला की एका सुरात "डोकं! डोकं!" तो खरोखर कप्तान झाला ते पुष्कळ नंतर. तुम्ही त्या आधीपासूनच त्याला कप्तान म्हणत होता.

सामना संपला की तुम्ही त्याला घरी घेऊन यायचे. मला ते स्वयंपाकघर आत्ताही समोर दिसतं. आई भाकरी थापते आहे, चुलीवर झुणका शिजतो आहे, आणि तो भिंतीला पाठ टेकून बसला आहे, कपाळावर ओला पंचा. "काकू, खिडकी लावता काय जी? उजेड टोचून राह्यला." आई खिडकी लावते, त्याच्या कपाळाला हळद लावते. मी त्याच्यासमोर बसून बघते आणि विचारते, "दादा, दुखत नाही का तुले?" तो हसतो. तुम्ही मात्र एकदम माझ्यावर उखडता, "असं इचारू नोको! लोखंडाचं डोकं हाय त्याचं. नजर लागते." मी मान खाली घालते. तुम्ही मला कधी फारसं रागावला नाहीत, म्हणून तेवढं एक रागावणं जसंच्या तसं लक्षात राहिलं. तेव्हा तुमच्या रागात मला फक्त प्रेम दिसलं होतं, आणि ते होतंही. ताटावर बसल्यावर तुम्ही तुमच्या भाकरीतली अर्धी त्याच्या ताटात टाकायचे. पुढे तुम्ही गेलात तेव्हा घरापासून मोक्षधामापर्यंत त्यानं खांदा बदलू दिला नाही.

बसस्टँडच्या मागं माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, आणि वर्षातून एकदा क्लबच्या जर्सीवरचे नंबर. कप्तानाची दंडावरची पट्टीही मीच शिवते. पोळ्याच्या सुमारास तो सकाळी आला. "ताई, पट्टी ढिली झाली. जराशीक आवळून देजा." मी म्हटलं, "संध्याकाळी या, दादा." दुपारी तो पुन्हा दारात उभा. खिसे चाचपत होता, इकडे तिकडे जमिनीवर बघत होता.

"काय झालं, दादा?"

"पट्टी आणली होती शिवाले. कुठी पडली काय माहीत."

"माझ्यापाशीच हाय न. सकाळी तर देऊन गेलते तुम्ही."

"मी?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी चुकीचं बोलले आहे. "सकाळी मी ड्युटीवर होतो, ताई."

मी हसले. तोही हसला. मग तो पायऱ्या उतरला आणि कॉलनीकडे वळायच्या ऐवजी उलट्या बाजूला, बाजाराकडे चालू लागला. थोडं गेल्यावर थांबला. दोन्हीकडे पाहिलं. मग परत फिरला आणि माझ्या दुकानासमोरून खाली मान घालून गेला. मी उठून दारापर्यंत गेले आणि तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले, कारण तो तेव्हा खाणीत डंपर चालवायचा. तुम्हाला त्या डंपरचं मी काय सांगू? माणसाहून उंच चाक, आणि एका बाजूला खोल खाण. तुम्ही ड्युटीवर असताना आई कशी कान देऊन असायची, शिफ्टचा भोंगा वेळेवर झाला की तिचा चेहरा सैल व्हायचा, ते मी लहानपणी पाहायचे आणि मला ती उगाच घाबरते असं वाटायचं. त्या दिवसापासून खाणीत ब्लास्टिंग झालं की दुकानातल्या काचेच्या बरणीतली बटणं थरथरतात आणि मी मशीन थांबवते. पुढचा आवाज कसला येतो ते ऐकत बसते.

मी त्याच्या बायकोला गाठलं. वहिनी नळावर होती. मी सांगायला सुरुवात केली आणि तिनं हंडा तसाच भरू दिला, वाहू दिला.

"मले माहीत हाय, ताई. उन्हाळ्यापासून चालू हाय. पोराचं नाव इसरते. एकच गोष्ट तीनदा इचारते. पण कोणाले सांगू नोका. लोक म्हणतीन, कप्तान येडा झाला."

"वहिनी, डंपर हाय तो."

ती तिथंच ओट्यावर बसली. तिला लोकांची भीती होती आणि मला खाणीची, आणि दोघींच्या भीतीत दोघींना काही सुचत नव्हतं. शेवटी जे केलं ते त्यानंच केलं. एके दिवशी भरलेला डंपर घेऊन वर येताना त्याला कळेना की माती टाकायची जागा डावीकडे की उजवीकडे. ज्या रस्त्यावर त्यानं अर्धं आयुष्य घालवलं, त्या रस्त्यावर. मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या. त्यानं ब्रेक लावला, इंजिन बंद केलं, शिडीनं खाली उतरला आणि सुपरवायझरच्या हातात चावी दिली. "साहेब, मले आज रस्ता दिसून नाही राह्यला," एवढंच म्हणाला. बाबा, तो सगळ्या मैदानाचा कप्तान होता, पण मला वाटतं त्या दिवशीइतका मोठा तो कधीच नव्हता.

नागपूरला मी दोघांसोबत गेले. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी विचारलं, "डोक्याला कधी मार लागला होता का?" वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग ती म्हणाली, "साहेब, रोजच." डॉक्टरांना आधी कळलं नाही. कळल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. गेलेलं परत येणार नाही, म्हणाले, उरलेलं सांभाळायचं. यंत्राजवळ जायचं नाही आणि डोक्याला चेंडू लागता कामा नये. एकदाही नाही. कप्तान सगळं ऐकत होता. बाहेर आल्यावर त्यानं मला विचारलं, "कोणाले दाखवाले आलतो आपण?"

खाणीनं त्याला स्टोअरमध्ये बसायचं काम दिलं. तो आता खेळणार नाही, याला क्लबनं गुडघ्याचं कारण सांगितलं. पण लोक ऐकतात का? पोरं माझ्याच दुकानात पांढरं कापड घेऊन आली, कडा दुमडून द्या म्हणाली, त्यावर 'कप्तान, अजून एक वर्ष' असं रंगवायचं होतं. मी कडा दुमडून दिल्या. निरोपाच्या सामन्यात तो शेवटची दहा मिनिटं उतरेल, असं कमिटीनं जाहीर करून टाकलं. वहिनी नाही म्हणाली, पण त्याला स्वतःला उतरायचं होतं. तेवढा एक दिवस त्याला सगळं नीट आठवत होतं. कोणते मोजे, कोणता बूट, कुणाला कुठं उभं करायचं. डोकं लावणार नाही, असं त्यानं वहिनीला पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं.

तो मैदानात उतरला आणि जो आवाज झाला तो मी तुम्हाला लिहून सांगू शकत नाही. म्हातारी माणसं रडत होती. आणि मग, अगदी शेवटी, कॉर्नर मिळाला. आधी एक कोपरा सुरू झाला, मग दुसरा, मग सगळं मैदान. "डोकं! डोकं! डोकं!" बाबा, तो तुमचाच शब्द होता. हजार तोंडं, आणि मला सगळ्यांत तुमचाच आवाज ऐकू येत होता. मला उठून ओरडायचं होतं, चूप बसा रे, मारता काय त्याले, पण मी जागेवरून उठलेच नाही. वहिनीनं डोळे मिटून माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. चेंडू वर गेला, वळला आणि थेट त्याच्याकडे आला. त्यानं मान वर केली. चेंडूकडे पाहिलं. आणि उडी मारलीच नाही. चेंडू त्याच्या डोक्यावरून निघून मागं लाइनबाहेर गेला.

माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "बुढा झाला बे." मग टाळ्या सुरू झाल्या. पण त्याला वचन आठवलं म्हणून तो थांबला, की त्या क्षणी काय करायचं असतं हेच त्याला आठवलं नाही, ते मला अजून कळलेलं नाही. वहिनीलाही नाही. आम्ही त्याला विचारलेलं नाही, कारण उत्तराची दोघींनाही भीती वाटते.

शिट्टी झाली तसा तो सरळ आमच्याकडे चालत आला. पट्टी काढून वहिनीच्या हातात दिली, आणि माझ्या शेजारची रिकामी जागा पाहून म्हणाला, "ताई, बाबा कुठी हायेत? आज दिसून नाही राह्यले."

वहिनीनं मान खाली घातली. मी काय सांगणार होते? ज्यानं तुम्हाला खांद्यावरून नेलं त्यालाच? माझ्या तोंडून निघालं, "घरी हायेत, दादा. जरासा खोकला हाय."

"मग येतो मी भेटाले. सांगजा त्यायले, सामना जिंकलो." तेवढ्यात पोरांनी त्याला उचललं, गळ्यात हार पडले, गुलाल उडाला, आणि तो वरून सगळ्यांकडे बघून हसत होता, लग्नात आपण अनोळखी पाहुण्यांकडे बघून हसतो तसा.

आता तुमच्या नातीचं सांगते. तुम्ही तिला पाहिलं नाही. सहावीत आहे, आणि सकाळी क्लबच्या लहान पोरांत खेळायला जाते. कप्तानानंच त्या पोरांना डोकं लावायला शिकवलं, कडुनिंबाच्या फांदीला जाळीत चेंडू टांगून. तिनं तसाच चेंडू आपल्या घरी बाहेरच्या खोलीत छताच्या हुकाला टांगला होता. मी स्वयंपाक करत असायचे आणि बाहेरून धप, धप आवाज यायचा. आधी त्या आवाजाचं मला कौतुक वाटायचं. नागपूरहून आल्यावर तोच आवाज ऐकून मी पळी खाली ठेवली. मी बाहेर जाऊन चेंडू सोडवला.

"काहून काढला, आई?"

मी सांगितलं, सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मग कप्तान सरांनी आम्हाले कायले शिकवलं?"

"त्यायले माहीत नव्हतं."

"तुले?"

"नाही."

"आबाले?"

"कोणालेच नाही, बेटा."

तिचा हात कपाळाकडे गेला, आणि तो हात मी अजून विसरलेले नाही. क्लबच्या नव्या शिक्षकाला मी जाऊन सांगितलं, तर तो म्हणाला, कप्तानाच्या क्लबात डोकं लावायचं नाही तर मग त्याचं इथं राहिलं काय? त्यावर उत्तर वहिनीनं दिलं. जी बाई लोक काय म्हणतील म्हणून थरथरत होती, तीच एका सकाळी पोरांचे आईबाप जमलेले असताना मैदानात उभी राहिली आणि म्हणाली, "माह्या माणसाले गुडघ्याचं काही झालं नाही. तो माहं नाव इसरला हाय. तुमच्या लेकरायले हे शिकवू नोका." एवढंच बोलून ती गेली. फांदीवरची जाळी त्याच दिवशी उतरली. बारकी पोरं आता फक्त पायानं खेळतात. मोठी पोरं कुणाचं ऐकत नाहीत. माझी लेक मैदानावर काय करते ते मी रोज विचारते, ती रोज नीट उत्तर देते, आणि तरी ती घरी आली की मी आधी तिचं कपाळ बघते, मग बूट.

तुम्हाला दोष द्यायला मी लिहिलेलं नाही. तुम्हाला कळलं असतं तर सगळ्यांत आधी तुम्हीच मैदानात धावत गेला असता, हे मला पक्कं माहीत आहे. हे कागद मी शिवणाच्या मशीनच्या खणात ठेवते आहे, दुसरीकडे कुठं पाठवणार?

दर रविवारी मी कप्तानाकडे जाते. कधी तो मला ओळखतो, कधी वहिनीची बहीण समजतो. पण मी आपल्या घराचं नाव काढलं की त्याचा चेहरा उजळतो आणि तो विचारतो, बाबा कसे हायेत. डॉक्टरांनी सांगितलं आहे, अशा वेळी हळू आवाजात खरं सांगत जा. वहिनीही तेच म्हणते. मी मान हलवते. आणि त्यानं विचारलं की सांगते, बरे हायेत दादा, जेवण करून पेपर वाचून राह्यले, कालच तुमची आठवण काढली. तो खुश होतो. वहिनीला वाटतं, त्याला वाईट वाटू नये म्हणून मी असं बोलते. मी तिला तसं वाटू देते. पण बाबा, ते मी त्याच्यासाठी नाही सांगत.